ओला पारा, कोरडा पारा

शिरपूरच्या अलीकडे, हायवेला लागून सूतगिरणी.
एकवीस वर्षं मी तिथं हवा ओली ठेवतो.
पगारपत्रकावर दुसरंच काही लिहिलंय,
पण काम हेच: भिंतीवरचे दोन पारे बघायचे,
एक कोरडा, एक ओल्या वातीत गुंडाळलेला,
आणि दोघांतलं अंतर वाढलं
की फवारे सोडायचे.

त्या रात्री, जानेवारीत, फवाऱ्यांचा पंप बसला.
सातपुड्याकडून वारा येत होता, पापडासारखा कोरडा.
तासाभरात पारे एकमेकांना ओळखेनात
आणि रिंगफ्रेमवर सूत बिथरलं.

तुटलेला एक धागा खाली पडेना.
हवेत उभा राहिला टोक हलवत,
कुणाचा तरी वास घेत असल्यासारखा.
पेळूतले तंतू फिस्कारून एकमेकांपासून लांब,
आणि तेच तंतू लोखंडी रुळाला असे बिलगले
की आकडीनं खरवडून काढावे लागले.
लोटन जॉबर ओरडला,
"हाऊ कापूस येडा व्हयी गया!"

येडा नाही, लोटनदादा. घासला गेलाय.
आणि निम्मं त्यात पॉलिएस्टर.
घासताना या अंगाचं त्या अंगाला जातं,
नवं काही जन्मत नाही;
जेवढं एकाच्या खाती जमा
तेवढंच दुसऱ्याच्या नावे.
रुळाला जमीन आहे, त्याचं वाहून जातं.
तंतूला जमीन नाही. तो धरून बसतो.
सारखंच धरून बसलेले दोघे शेजारी नांदत नाहीत,
पण असा तंतू जवळ आला
की रुळाच्या आतलं उलटं तेवढं
दाराशी येऊन उभं राहतं.

गुमान पावरा, धडगावकडचा, आयटीआयमधून नवा आलेला,
सुताच्या डब्याला हात लावायला गेला
आणि चट्‌कन ठिणगी.
बोट तोंडात घालून म्हणाला,
"काका, लागायच्या आधीच कळलं होतं.
मनगटावरचे केस उभे राहिले."

तेच बघ, म्हटलं, तेच क्षेत्र.
शाळेत आम्हाला बाणांच्या रेघा काढायला लावायच्या,
मला वाटायचं त्या हवेत खरोखर असतात.
रेघा नसतात रे.
डब्याभोवतीची जागाच बदललेली असते,
तू ये नाहीतर येऊ नकोस.
केस नुसते साक्षीला येतात.

डब्यातलंच एक पिसू दोऱ्याला टांगून
मी वीतभरावर धरलं. जरासं कललं, परकं झाल्यासारखं.
अर्ध्या वितीवर आणलं, तर चांगलंच पळालं.
"अंतर निम्मं, म्हणजे ढकल दुप्पट?"
चौपट. म्हणजे दोन बारीक ठिपके असते तर चौपट,
हा डबा केवढा, इथं हिशोब जरा लटपटतो.
गुमाननं बोटांवर मोजलं,
निम्म्याचं निम्मं, चौपटीची चौपट,
मग मान वर केली:
"आणि काका, अंतरच उरलं नाही तर?"

मी पारे बघायला गेलो.

साडेचारला पंप धरला.
धुकं खाली आलं, भिंतीवरची घड्याळं पुसट झाली,
आणि उभा राहिलेला एकेक धागा
खाली बसला, आवाज न करता.
लोटननं चहा सांगितला.

पाळी सुटताना मागं नेहमीचं काम:
मीठ नि कोळसा भरलेला अर्थिंगचा खड्डा,
त्यात बादलीभर पाणी. आमची काळी माती
सुकली की तडकते, मग कुणाचं काही घेत नाही.
"झाड तर नाही इथं," गुमान म्हणाला,
"पाणी कुणाला?"
मी बादली उपडी केली.
पाणी खाली जाताना थोडा वेळ ऐकू आलं.

तो बाही सारून, मनगट खड्ड्यावर धरून उभा होता,
काही जाणवतंय का बघत.
केस उभे होते,
पण ती थंडी होती.